निर्मळ पाझर

धान कापल्याचा वास मला सोसत नाही. धानाच्या जिल्ह्यात जन्मून, त्याच धानावर वाढून असं बोलणं बरं दिसत नाही, म्हणून मी ते कुणाला सांगत नाही. पण दिवाळी जवळ आली, लवकर येणारं हलकं धान पिवळं पडलं, बांध्यांमधलं, म्हणजे धानाच्या वाफ्यांमधलं, पाणी सोडून दिलं गेलं, की माझं नाक आधीच सावध होतं. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातल्या आमच्या गच्चीवर सकाळी कपडे वाळत घालताना शेतांकडून वारा येतो. त्यात सुकत आलेला चिखल असतो, ओली तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, असते, विळ्याने नुकतीच कापलेली देठं असतात. वर बिरसी विमानतळावरच्या शिकाऊ वैमानिकांची विमानं त्याच त्या वर्तुळात घरघरत असतात. मी उरलेले कपडे बादलीतच ठेवते, खाली येते आणि गावी बाबूजींना फोन लावते.

"जेवलात का?" एवढंच विचारते.

"जेवलो ना वो," बाबूजी म्हणतात, आणि मग पावसापाण्याचं बोलतात.

या दोन वाक्यांवर आमचं बापलेकीचं नातं गेली काही वर्षं चाललं आहे. ऐकणाऱ्याला वाटेल, किती साधं. ते साधं नाही. माझ्या प्रश्नात एक जोड लपलेला असतो. अन्ननलिका आणि आतडं यांच्यामधला, छातीच्या पिंजऱ्याच्या आडोशाला बसलेला, रुपयाच्या नाण्याएवढा गोल जोड. तो आज कसा आहे, हे मी विचारत असते, आणि बाबूजींना ते पक्कं ठाऊक असतं.

मी सर्जन आहे. गोंदियात माझा लहानसा दवाखाना आहे. हर्निया, अपेंडिक्स, पित्ताच्या पिशवीतले खडे हा माझा रोजचा वरणभात. "मॅडम, टांका कब खुलेगा" हे दिवसातून इतक्यांदा ऐकते की झोपेतही उत्तर देईन. जठर काढण्यासारखी मोठी कामं मी करत नाही, ती नागपूरला पाठवते. पाठवताना नातेवाइकांना समजावून सांगते, आणि मला वाटायचं की मी छान समजावते. मग एका कापणीच्या हंगामात टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसायची पाळी आली. तिथून सगळं वेगळंच ऐकू येतं.

आमचं गाव देवरीच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत. आम्ही कोहळी. आमच्या लोकांनी तलाव बांधले असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण आमच्या घरात त्याची बढाई कुणी मारत नाही, कारण तलाव बांधून संपत नाही. तो सांभाळावा लागतो. तलावाच्या पाळीला आमच्याकडे पार म्हणतात. पावसाळाभर बाबूजी रोज पारेवर जात. खालच्या अंगाला, जिथे पार संपते आणि बांध्या सुरू होतात, तिथे वाकून पाहत. लहानपणी मीही मागे मागे जायची. मातीतून पाणी झिरपताना दिसलं की मला वाटायचं, झालं, आता तलाव फुटणार. बाबूजी ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांजवळ नेत आणि म्हणत, "निर्मळ हाये." निर्मळ पाझर असला की काळजी नाही. उलट बरंच, खालच्या बांध्यांना ओल मिळते. पाझर गढूळ आला तर मात्र आतून माती वाहते आहे, मग गाव गोळा करायचं. आणि नवी माती घातलेली पार पहिल्या वर्षी पाझरतेच, त्याचं काही वाटून घ्यायचं नाही. हे सगळं मी शाळेत जायच्या आधी शिकले. पुढे डॉक्टरकीच्या पुस्तकांत याच्या विरुद्ध कुठे काही लिहिलेलं आढळलं नाही.

त्या वर्षी पावसाळ्यातल्या रोवणीपासूनच बाबूजींच्या ताटात भात उरायला लागला होता. माय फोनवर सांगायची, पण तिच्या तक्रारीत चहा, विडी, पाऊस आणि भात सगळं एकाच सुरात यायचं, त्यामुळे भात वेगळा ऐकू आला नाही. पोळ्याला गेले तेव्हा पाहिलं, सदऱ्याची कॉलर मानेपासून लांब उभी होती. मी विचारलं तर म्हणाले, घास जरा थांबून उतरते. गोंदियाला चला, दुर्बीण घालून पाहू, असं मी म्हणाले. त्यावर त्यांनी ते वाक्य म्हटलं, जे आमच्या भागातला प्रत्येक माणूस दुखण्यापासून लग्नापर्यंत सगळ्याला म्हणतो.

"कापनी होऊन जाऊ दे, मंग पाहू."

कापणीची वाट मी पाहिली नाही. भांडून, रडून, मायला पुढे करून त्यांना गाडीत घातलं. गोंदियातल्या एका मैत्रिणीने दुर्बीण घातली. पडद्यावर जठराचा वरचा भाग दिसला, अन्ननलिका जिथे उतरते त्याच्या थोडं खाली, आणि तिथे ती गाठ होती. मैत्रिणीने दुर्बीण तिथेच थांबवली. दोन डॉक्टर गप्प झाल्या की पेशंटला कळतं. बाबूजी डोळे मिटून पडून होते आणि त्यांच्या गालावरून लाळ उशीवर ओघळत होती. मी ती पुसली. त्या लाळेकडे तेव्हा नीट पाहिलं असतं, तर पुढे ओळखायला इतका वेळ लागला नसता, असं उगाचच वाटतं. लाळ ती लाळ, तिच्यात काय पाहायचं होतं?

नागपूरला सरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. मी त्यांच्याच हाताखाली शिकलेली, त्यामुळे ते माझ्याशी बोलताना भराभर बोलत आणि बाबूजींकडे वळले की सावकाश. दुर्बिणीतून करू, पोटावर लहान लहान छिद्रं, जठर पूर्ण निघेल. मग अन्ननलिकेचं खालचं टोक मोकळं लोंबतं राहील. आतडं वर ओढून तिला जोडायचं. माय म्हणाली, शिवनार कशानं? सर म्हणाले, स्टेपलरनं. माय माझ्याकडे पाहायला लागली. तिच्या डोळ्यांपुढे ग्रामपंचायतीतला स्टेपलर आला असणार, कारण तिने पहिला प्रश्न केला तो पिना गंजत नाहीत का, हा. सरांनी न हसता सांगितलं की या पिनांचा धातू वेगळा असतो, जन्मभर गंजत नाही. मायचं त्यावर समाधान झालं. माझं होण्यासारखं नव्हतं, कारण मला पुढचं माहीत होतं.

स्टेपलर दोन तऱ्हेचे असतात, आणि त्यांच्यावरून सर्जन मंडळी भांडतात. एक गोल. त्याचं झाकणासारखं एक टोक अन्ननलिकेत बसवून भोवती दोरा आवळतात, दांडा आतड्याच्या आतून वर आणतात, दोन्ही एकमेकांत खट्कन बसले की चाप दाबतात. एका दमात पिनांच्या दोन गोल ओळी बसतात आणि मधला भाग पातीने गोल कापून निघतो. झटपट काम. पण दांडा जाड, तो घालायला पोटावरचं एक छिद्र मोठं करावं लागतं. आणि दुर्बिणीतून ते झाकण अन्ननलिकेत बसवणं म्हणजे बाटलीत ठेवलेल्या परकराला बाहेरून नाडी ओवणं आहे. तोंडही ठरल्या मापाचं, पुढे ते आकसलं की घास अडकायला लागतात.

दुसरा लांब, चिमट्यासारखा. तो लहान छिद्रातून सुखाने जातो. अन्ननलिका आणि आतडं शेजारी शेजारी ठेवायचे, चिमट्याचा एक पाय हिच्यात, एक पाय त्याच्यात, आणि दाबायचं. लांबच लांब जोड, मधून उभा काप, ऐसपैस तोंड. आकसण्याची भीती कमी. पण चिमटा ज्या भोकातून आत गेला ते भोक मागे उरतं, आणि ते आतल्या आत हाताने शिवावं लागतं. शिवाय शेजारी ठेवायला अन्ननलिका पुरेशी लांब उरायला हवी.

परिषदांमध्ये गोलवाले आणि लांबवाले असे दोन तट पडलेले मी पाहिले आहेत. दोघांकडे फोटो, दोघांकडे फिल्मा, दोघांकडे आपापले तक्ते. जेवणाच्या रांगेतसुद्धा वाद चालू असतो, हातात गुलाबजाम घेऊन. मी त्या रांगेत कित्येकदा उभी राहिले आहे आणि दोन्ही बाजूंना मान डोलवली आहे, कारण मला करायचं काहीच नव्हतं. जोड हा शब्द तिथे एखाद्या सुताराने म्हणावा तसा म्हणतात. तो जोड उद्या उठून खोकणार आहे, बायकोशी भांडणार आहे, धानाच्या भाऱ्यांना हात लावायला धडपडणार आहे, हे त्या फिल्मांत दिसत नाही.

बाबूजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. "याच्यातलं फुटते कोनतं?"

सर खरं बोलणारे. म्हणाले, फुटायचं असेल तर दोन्हीही फुटू शकतं. आकसण्यात गोल थोडा बदनाम आहे, गळण्यात दोघं जवळपास सारखेच. म्हणून शक्य झालं तर लांब करू, नाही तर गोल. बाबूजींनी मान हलवली. तलावाच्या माणसाला हे उत्तर पटण्यासारखं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी मी आत नव्हते. आपल्या माणसाच्या वेळी आत थांबू नये हा सरांचा नियम, आणि तो बरोबर आहे. मी बाहेर मायच्या शेजारी बाकावर बसले आणि मनात सगळं ऑपरेशन केलं. आता रक्तवाहिन्या बांधल्या असतील. आता जठराभोवतीच्या लसिकागाठी काढल्या असतील. आता अन्ननलिका कापली असेल. माय मधून मधून विचारायची, काय करून राहिले असतीन आता? मी सांगायची, झोपवलंय. मला येणारं सगळं ज्ञान त्या बाकावर माझ्याविरुद्ध उभं होतं. मायला बिचारीला फक्त भीती होती, मला भीतीचा सगळा अभ्यासक्रम पाठ होता.

मग सरांनी मला दाराशी बोलावलं. गाठ वाटली त्यापेक्षा वर पोचली होती. अन्ननलिका आणखी वर कापावी लागली, शेजारी शेजारी ठेवण्याइतकी ती उरलीच नाही. म्हणून गोल केला. त्यांनी स्टीलची वाटी पुढे केली. गोल स्टेपलर चालवला की त्याच्या पोटात मांसाच्या दोन रिंगा निघतात, एक अन्ननलिकेची, एक आतड्याची. दोन्ही अखंड असल्या तर जोड चारी बाजूंनी बसला असं समजायचं. मी वाटीत पाहिलं. दोन्ही अखंड होत्या. आतून हवा भरून पाहिली होती, एकही बुडबुडा आला नव्हता. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं त्यात कुणाचाही हात चुकला नव्हता. मातीचं आणि मांसाचं असंच असतं. सगळं नीट केलं तरी ते आपल्याला बांधील नसतं.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. पोटातून एक नळी बाहेर काढून तिला पिशवी लावली होती, आत काही साचलं तर वाहून यावं म्हणून. बाबूजींना त्या पिशवीचा भारी नाद लागला. कूस बदलली की आधी पिशवी पाहायचे. त्यातलं पाणी लालसर होतं, तसंच असतं. मला माझे पेशंट सोडून फार दिवस राहता येईना, म्हणून मी एका सकाळी गोंदियाला गेले.

तेवढ्यात अवकाळी आला. कापणीच्या ऐन तोंडावर, जेव्हा धान कापून त्याच्या मुठी, म्हणजे कडपा, शेतात पसरलेल्या असतात आणि त्या वाळायची वाट पाहत सगळा जिल्हा आभाळाकडे तोंड करून बसलेला असतो, नेमका तेव्हा. दवाखान्यात येणारा जो तो तेच बोलत होता. आमच्या कडपाही भिजत होत्या, कारण भारे बांधून त्यांचे ढीग, म्हणजे पुंजणे, रचायला घरचं कुणी नव्हतं. शेजाऱ्यांचंही पसरलेलंच होतं, ते आमच्याकडे कधी वळणार? नागपूरला परत जाताना गाडीच्या खिडकीतून मी ती शेतं पाहिली. कापलेलं धान पाण्यात आडवं पडलं होतं आणि त्याच्यावर पांढरे बगळे चालत होते. भिजलेल्या धानाचा एक आंबूस वास डब्यात भरला. हंगाम बदलले, धान बदललं, पण माझ्या नाकात राहिला आहे तो हाच वास.

वॉर्डात शिरले तर बाबूजी उशीला टेकून बसलेले. चेहरा तकतकीत, डोळे नको इतके चमकत होते. मला पाहून त्यांना आनंद झाला. त्यांनी हाताने पिशवीकडे खूण केली.

"बाई, पाह्य. निर्मळ झालं."

मी वाकले. पिशवीत लालसर काही उरलं नव्हतं. स्वच्छ पाणी होतं, आधीपेक्षा जास्त होतं, आणि त्याच्या कडेला बारीक फेस होता. क्षणभर, अगदी क्षणभर, मलाही बरं वाटलं. पारेच्या पायथ्याशी उभी असलेली ती लहान पोर माझ्यात अजून होती, आणि निर्मळ म्हटल्यावर तिला बरं वाटायचंच. मग मी त्यांचा हात हातात घेतला. नाडी पळत होती. मी विचारलं, कुठे दुखतंय का? त्यांनी आधी नाही म्हटलं. मग म्हणाले, डावा खांदा थोडासाक भरला, पडून पडून भरला असन. कधीपासून, असं विचारल्यावर उत्तर द्यायचं सोडून मलाच समजावायला लागले.

"काऊन घाबरून राहिली वो? नवी पार हाये, पाझरनच ना. गढूळ थोडी आलं."

मायला त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. सकाळी सिस्टरने विचारलं तेव्हा हसून "सब बढिया" म्हणाले होते. खांदा दुखत होता, दम लागत होता, अंगात कसर होती, पण पिशवीतलं पाणी निर्मळ होत चाललं होतं, आणि जन्मभर ज्या एका खुणेवर विसंबून गाव निर्धास्त झोपलं, ती खूण त्यांना सांगत होती की सगळं ठीक आहे. हे वेड नव्हतं. पारेवर हे शंभर नंबरी खरं होतं. फक्त माणसाच्या पोटात ते उलटं होतं. ते पाणी म्हणजे लाळ होती. गिळलेली लाळ जोडातून गळून, पोटात पसरून, नळीवाटे पिशवीत येत होती. दुसरा कुणी पेशंट असता तर घाबरून कुरकुरला असता आणि कुरकुरण्याने लवकर कळलं असतं. आमचे बाबूजी कोहळी निघाले.

सर आले. त्यांनी पाण्यात निळं औषध घालून घोटभर प्यायला दिलं. जोड गळत असेल तर निळा रंग नळीत उतरतो. बाबूजींनी ग्लास हातात धरून मला विचारलं, "कोंडा टाकून राहिले का?" सरांना काही उमगलं नाही. मला उमगलं. तलावाला भोक नेमकं कुठे आहे ते सापडत नसेल तर पाण्यावर धानाचा कोंडा टाकतात. कोंडा जिथे गरगरत आत ओढला जातो तिथे भोक. मी हो म्हणाले. ते औषध प्याले, आणि आम्ही चौघं त्या नळीकडे बघत राहिलो. बाहेर पाऊस पडत होता. माझी एक वेडी आशा होती की काही येणार नाही. नळी बराच वेळ तशीच राहिली. मग तिच्यात शाईच्या धाग्यासारखं निळं काहीतरी आलं, हळूहळू खाली सरकलं आणि पिशवीत पसरलं.

बाबूजी त्या निळ्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे तोंड फिरवून, जणू कुणीतरी त्यांना फसवलं असावं अशा आवाजात म्हणाले, "निर्मळ होतं ना वो ते."

त्या एका वाक्याने मला जितकं रडवलं तितकं त्या गाठीनेही रडवलं नव्हतं. त्यांचं आतडं गळत होतं त्याचं दुःख होतंच, पण जन्मभराचा एक भरवसा त्या नळीवाटे वाहून गेला होता, आणि तो परत शिवायला माझ्याकडे ना गोल स्टेपलर होता ना लांब.

पोट पुन्हा उघडावं लागलं नाही, हे नशीब. सरांनी तोंडातून दुर्बीण घालून जोडाच्या आत जाळीची नळी बसवली, तोंडाने पाण्याचा थेंबही बंद केला, आणि आतड्यात सोडलेल्या बारीक नळीतून दूधपाणी सुरू ठेवलं. बाबूजी पडून राहिले. ताप यायचा, जायचा. कधी कधी डोळे उघडून कडपांचं विचारायचे. आम्ही म्हणायचो, बांधून झाल्या. खरं तर आमच्या भिजलेल्या धानाला शेतातच कोंब फुटले होते. त्या वर्षी गावात सगळ्यांच्या घरी नवा तांदूळ शिजला, वास गल्लीभर पसरला, आणि आमच्या घराला कुलूप होतं. ते घरी आले तेव्हा शेतं मोकळी पडली होती आणि थंडी सुरू झाली होती. तरी ते आले. आम्ही त्यावर खूश राहायला शिकलो.

जठर नसलेला माणूस पाखरासारखा खातो. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, बारीक चावून. बाबूजीही तसंच शिकले. गळलेला जोड भरून येताना वणानं आकसतो, तसा तो पुढे आकसला, आणि फुगा घालून एकदा मोठा करावा लागला. तेव्हा मला लांब जोड आठवला, ते ऐसपैस तोंड, जे त्यांना मिळू शकलं नाही. अजूनही एखाद्या परिषदेत गोल की लांब सुरू झालं की मी उठून बाहेर जाते. लोकांना वाटतं, मॅडमना चहा हवा असेल.

बाबूजी पारेवरही परत जाऊ लागले. पण मी एक गोष्ट पाहिली. पारेखाली वाकून ते पाझर बघतात, ओंजळीत पाणी घेतात, आणि आता काही बोलत नाहीत. पाणी हातातून गळून जाईपर्यंत तसेच उभे राहतात. मागच्या पावसाळ्यात मी मुद्दाम विचारलं, निर्मळ आहे ना? म्हणाले, दिसते तं निर्मळ. हा 'दिसते तं' त्यांच्या बोलण्यात पूर्वी नव्हता.

मागच्या रविवारी मी न सांगता गावी गेले. फोनवरचं "जेवलो ना वो" मला अलीकडे जरा जास्त पटकन येतं असं वाटत होतं. घरी पोचले तर माय चुलीपाशी होती. नव्या तांदळाचा भात उतरवून तिने वाफ जिरायला ठेवला होता. बाबूजी ताट घेऊन घरामागच्या सांदवाडीत बसायला गेलेत, असं ती म्हणाली. हल्ली तिथेच जेवतात, म्हणे घरात गरम होते. कापणीच्या दिवसांत सकाळी अंगावर घोंगडी लागते, आणि घरात गरम होते.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. बाबूजी भिंतीला टेकून बसले होते, ताट मांडीवर. त्यांनी लहानसा घास घेतला, खूप वेळ चावला. मान खाली घातली, गिळायचा प्रयत्न केला. थांबले. पाण्याचा घोट घेतला, तोही सावकाश. मग मान डावीकडे वळवून सगळं हलकेच मातीत टाकलं. तेव्हा मला कोंबड्या दिसल्या. कोंबड्या नेहमी ताटाच्या पुढे येतात, हाकलल्या की मागे सरतात. या त्यांच्या डाव्या खांद्यामागे रांगेत उभ्या होत्या, शांत, वाट पाहत. त्यांना सवय झाली होती. माझ्या आधी, मायच्या आधी घरात कोंबड्यांना कळलं होतं, आणि सवय एका दिवसात लागत नाही.

मी बाहेर जाऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी ताट लपवलं नाही. नुसत्या वणानं आकसलं असेल तर पुन्हा फुगा घालता येतो. पण इतक्या वर्षांनी घास अडकायला लागला तर पहिली शंका वणाची घेत नाहीत, गाठ परतल्याची घेतात, हे मला माहीत आहे, आणि माझ्या तोंडाकडे पाहून ते बाबूजींनाही माहीत झालं. मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, रोवन्यापासून. कोरडा भात आधी थांबला, मग ओला भात, आता वरणही कधीमधी थांबते. फोनवर का सांगितलं नाही, हे मी विचारलं नाही. काय सांगणार होते? मी विचारायची जेवलात का, आणि ते जेवायला तर बसत होतेच.

मी मनातल्या मनात भांडणाची तयारी केली. शेतात आमचं सगळं धान कापून पसरलेलं होतं, कडपा अजून ओलसर होत्या. पूर्वेकडून आभाळ काळं होत होतं, दुपारपर्यंत येणार असं सगळं गाव म्हणत होतं, आणि जो तो आपापल्या भाऱ्यांना दोर लावायला पळत होता. अशा वेळी आमच्याकडचा माणूस मेलेला उठून कडपा गोळा करायला जातो. बाबूजी आता ते वाक्य म्हणणार, कापनी होऊन जाऊ दे, मंग पाहू, आणि मी यंदाही रडणार, मायला पुढे करणार. माझे शब्द तयार होते.

त्यांनी ताट खाली ठेवलं. हात धुतले, धोतराला पुसले. शेताकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गाडी काढ," म्हणाले.

माय दारात आली होती. तिने आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला काही समजेना, म्हणून तिने समजण्यासारखं विचारलं. "अन् धान?"

"राहू दे," बाबूजी म्हणाले आणि चपला घालून गाडीकडे चालायला लागले.

त्या नळीत निळा रंग उतरताना मी पाहिला आहे. पण त्या 'राहू दे'ची मला जितकी भीती वाटली तितकी तेव्हाही वाटली नव्हती.